खाचरातलं रोप गुदमरत कसं नाही?

मुळशीच्या भाताच्या मुळात काही पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून अख्खं रोप जगतं. मग ‘सगळ्यांच्या भल्यासाठी थोड्यांनी सोसायचं’ हा निसर्गाचाच नियम म्हणायचा का?

जुलैतल्या शनिवार-रविवारी चांदणी चौकातून पुढे जाणाऱ्या बाइक्स मोजायला बसलात तर दिवस पुरायचा नाही. भूगाव, पिरंगुट, पौड, मग मुळशीचं धरण आणि पुढे ताम्हिणी घाट. रील्समध्ये धबधबा येतो, धुकं येतं, भाजलेलं कणीस येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलात वाकून भाताची लावणी करणारी माणसं मात्र फ्रेमच्या कडेलाच राहतात. यंदा गेलात तर पाच मिनिटं गाडी थांबवा, त्या खाचराकडे बघा आणि स्वतःला एक साधा प्रश्न विचारा. एवढ्या पाण्यात हे रोप मरत कसं नाही?

प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. घरातल्या तुळशीला कुणी प्रेमापोटी रोज तुडुंब पाणी घातलं, तर आठ-पंधरा दिवसांत ती मान टाकते. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या रानात पाणी साचलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि मुळशी-मावळात बघावं, तर लोक मुद्दाम बांध घालून पाणी अडवतात, चिखलणी करतात आणि त्या रबरबाटात रोपांचे चूड रोवतात. पाणी उभं राहिलं की तण कमी माजतं, हा त्यातला मोठा फायदा. पण तणाला जे पाणी सोसत नाही, ते भाताला कसं सोसतं?

उत्तर भाताच्या मुळात आहे. आणि ते ऐकल्यावर अकरावी-बारावीत पाठ केलेली ‘पेशी – ऊती – अवयव – सजीव’ ही उतरंड एकदम वेगळी दिसायला लागते. मी बारावीनंतर सायन्स सोडून मास कॉमला आले. त्या उतरंडीशी माझा संबंध तेव्हा दोन मार्कांच्या प्रश्नापुरताच होता. ती खरं तर एक गोष्ट आहे आणि त्या गोष्टीत पानोपानी कुणीतरी मरत असतं, हे फार उशिरा कळलं.

मुळांनाही श्वास लागतो

आपल्याला वाटतं, झाडाचा श्वास म्हणजे पानं. पण मुळातली प्रत्येक जिवंत पेशीही ऑक्सिजन वापरते. एरवी मातीच्या कणांमध्ये हवा असते, तिथून तो मिळतो. खाचरात पाणी भरलं की त्या जागा पाण्यानं भरतात. आणि पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या तुलनेत जवळपास १० हजार पटींनी कमी असतो. थोडक्यात, मुळं भिजून मरत नाहीत, गुदमरून मरतात. तुळशीचं तेच होतं.

भातानं यावर काढलेला तोडगा म्हणजे नळी. पानं हवेत आहेत, तिथे ऑक्सिजन आहे. तो आतल्या आत मुळांपर्यंत पोचवायचा. पण नळीसाठी जागा आणायची कुठून? मुळाच्या आत तर पेशी खच्चून भरलेल्या.

तर त्यातल्या काही पेशी मरतात.

मुळाच्या बाहेरच्या सालीच्या आणि मधल्या गाभ्याच्या दरम्यान पेशींचा जाड थर असतो. मुळाचं टोक कोवळं असताना तो भरगच्च असतो. टोकापासून जरा मागे आलं की त्यातल्या ठरावीक पेशी कोसळायला लागतात. आतला ऐवज विरघळतो, भिंती मोडतात आणि तिथे पोकळी राहते. अशा पोकळ्या एकमेकींना जोडून मुळाच्या लांबीभर हवेच्या वाटा तयार होतात. या रचनेला ‘वायू ऊती’ म्हणतात. मुळाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सायकलच्या चाकासारखं चित्र दिसतं. मधे गाभा, कडेला सालीची धाव आणि मधल्या आऱ्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या उरलेल्या भिंती.

हा अपघात नाही. भातात थोड्या पोकळ्या पाणी नसतानाही होतात, पाणी भरलं की त्या वाढतात. वाढवणारा इशारा देतो तो इथिलीन नावाचा वायू. हो, आंब्याच्या अढीत फळ पिकवतो तोच. मुळात तो सतत थोडा थोडा तयार होत असतो आणि एरवी मातीत निघून जातो. पाण्यानं वेढल्यावर तो बाहेर पडू शकत नाही, आतच साचतो. पेशींसाठी हे साचणं म्हणजेच ‘पाणी आलंय’ अशी वर्दी. मग कुठल्या पेशी मरणार आणि कुठल्या राहणार, हे त्यांच्या जागेवरून ठरतं. मधल्या थरातल्या जातात. पाणी वर नेणारा गाभा शाबूत राहतो. बाहेरच्या थरातल्या पेशी जिवंत राहून आपल्या भिंतींना सुबेरिन नावाच्या मेणचट द्रव्याचा लेप देतात, म्हणजे आत आणलेली हवा वाटेतच मातीत गळून जाऊ नये.

जिवंत रोपात मेलेलं किती?

सुबेरिन हे बुचातलं द्रव्य. आणि बुचाशी ‘पेशी’ या शब्दाचं जुनं नातं आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक छापलं. त्यात त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या बुचाच्या पातळ कापाचं चित्र होतं. त्याला बारीक बारीक कप्पे दिसले आणि त्यानं त्यांना ‘सेल’ म्हटलं, म्हणजे छोटी खोली. गंमत अशी की त्या खोल्यांत कुणी राहत नव्हतं. बूच ही झाडाची मेलेली साल. जीवशास्त्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मिळाला तो मेलेल्या पेशी बघून.

आता भाताच्या रोपाकडे परत या आणि खालून वर नजर न्या. मुळात वायू ऊती, त्या पेशी मेलेल्या. मुळापासून पानापर्यंत पाणी चढवणाऱ्या जलवाहिन्यांच्या पेशी आधी भिंती जाड करतात, मग मरतात. आत काही उरलं तर पाणी चढणार कसं? अख्ख्या रोपाचा पाणीपुरवठा मेलेल्या पेशींच्या नळांतून चालतो. त्यांच्या शेजारच्या रसवाहिन्यांचं अजून वेगळं. पानात तयार झालेली साखर खाली-वर नेणाऱ्या तिथल्या पेशी मरत नाहीत, पण आपलं केंद्रक सोडून देतात आणि पुढचं आयुष्य शेजारच्या पेशीच्या भरवशावर काढतात.

आता वर लोंबीत या. आपण खातो तो पांढराशुभ्र तांदूळ म्हणजे दाण्याचा पिठूळ भाग. फुलोऱ्यानंतर त्या पेशी स्वतःत पिष्ट भरत जातात आणि दाणा पक्व होईपर्यंत मरून जातात. जिवंत राहतो तो कोपऱ्यातला इवलासा अंकुर आणि पिठाभोवतीचा पातळ थर. गिरणीत कोंडा काढताना हे दोन्ही निघून जातात. म्हणून मटकीला मोड येतात तसे पांढऱ्या तांदळाला कधी येत नाहीत.

राबावर बी टाकलं की पुढची गोष्ट घडते. पाणी लागताच अंकुर जागा होतो आणि भोवतीच्या त्या जिवंत थराला रासायनिक निरोप पाठवतो. थरातल्या पेशी पिष्ट फोडणारी विकरं बनवतात, पिठाची साखर होते, अंकुराला खाऊ मिळतो. काम संपलं की त्या थरातल्या पेशीही मरतात. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी घ्या, त्याचा पूर्वज आंबेमोहर घ्या किंवा तुमच्या मेसमधला कुठलाही तांदूळ घ्या, सगळ्यांची कथा हीच.

म्हणजे पेशींचा नुसता ढीग केला तर रोप होत नाही. कुणी कुठे असायचं, काय बनायचं, काय करायचं सोडून द्यायचं आणि कधी संपायचं, ही सगळी मांडणी मिळून रोप होतं. ऊती, अवयव हे शब्द त्या मांडणीच्या पायऱ्यांना दिलेली नावं आहेत.

तुमची बोटं सुटी कशी झाली?

हे फक्त वनस्पतींचं आहे असं वाटत असेल तर स्वतःचा हात बघा. आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास आपला हात वल्ह्यासारखा असतो. पुढच्या दोनेक आठवड्यांत बोटांच्या मधल्या पेशी मरतात आणि पाच बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या बऱ्याचशा मरत नाहीत, म्हणून त्याच्या बोटांमध्ये पडदा राहतो.

आपल्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात, असा एक चांगला अंदाज आहे. त्यातल्या बहुसंख्य तांबड्या रक्तपेशी. हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून या पेशी तयार होतानाच आपलं केंद्रक बाहेर टाकतात, जेमतेम १२० दिवस जगतात आणि मोडीत निघतात. सगळ्या प्रकारच्या पेशी धरल्या तर रोज अंदाजे ३३ हजार कोटी पेशी जातात आणि तेवढ्याच नव्या येतात. तुम्ही हा लेख वाचून संपवाल तोवर कित्येक कोटी बदललेल्या असतील.

पेशीच्या या शिस्तीतल्या मरणाला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तीन संशोधकांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. पुढे जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या ‘सी. एलेगन्स’ नावाच्या कृमीवर काम करताना लक्षात आलं की त्याच्या शरीरात वाढीच्या काळात १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोब्बर १३१ मरतात. प्रत्येक कृमीत, त्याच त्या १३१. उरतात ९५९. या मरणामागची जनुकं शोधणाऱ्या कामासाठी ब्रेनर, हॉरविट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

न ऐकणारी पेशी

आणि एखाद्या पेशीनं मरायला नकार दिला तर? त्याची सुरुवात बघायला फार लांब जायला नको. मुळशीहून परत येताना गणेशखिंडीत या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस आहे. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेकवाल्या मित्र-मैत्रिणींना हे नाव ओळखीचं असेल, कारण देशभरच्या प्रबंधांत ‘पेशी एनसीसीएस, पुणे येथून घेतल्या’ असं वाक्य हमखास सापडतं. प्रयोगांसाठी लागणाऱ्या पेशी तिथे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना जपलेल्या असतात.

तिथून मिळणाऱ्या पेशींपैकी एक जात म्हणजे ‘हेला’. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ही ३१ वर्षांची कृष्णवर्णीय बाई जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार घेत होती. तिच्या गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हेन्रिएटा गेली. पेशी मात्र आजही वाढताहेत, दिवसाला साधारण दुप्पट या वेगानं. पोलिओच्या लशीपासून पुढच्या कितीतरी संशोधनांत त्या वापरल्या गेल्या.

त्या मरत का नाहीत? आपल्या पेशीत ‘पी ५३’ नावाचं एक प्रथिन असतं. पेशीच्या डीएनएची मोडतोड झाली तर ते विभाजन थांबवतं आणि नुकसान दुरुस्त होण्यापलीकडचं असेल तर पेशीला मरायला लावतं. हेन्रिएटाच्या गाठीतल्या पेशींत एचपीव्ही या विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार घुसलेला होता आणि त्याचं एक प्रथिन नेमकं या पी ५३ लाच नष्ट करवतं. मरण्याचा हुकूम देणाराच नाहीसा झाला. बरेचसे कॅन्सर कुठल्या ना कुठल्या वाटेनं इथेच पोचतात. शरीराच्या मांडणीतून सुटलेली पेशी फक्त स्वतःपुरती वाढत राहते.

(जाता जाता कामाची गोष्ट. या एचपीव्हीवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, ती ९ ते २६ या वयोगटासाठी. म्हणजे हे पान वाचणारे बहुतेक जण त्यात येतात. डॉक्टरांना विचारायला लाजू नका.)

पण पेशी ऐकते का?

आता खरा प्रश्न. पेशीला मन नाही, कर्तव्याची जाणीव नाही. मग भाताच्या मुळातली पेशी शेजारणींना जगवण्यासाठी मरते, असं उत्क्रांतीत टिकलं कसं? ‘मी मरणार नाही’ म्हणणाऱ्या पेशींचीच चलती का झाली नाही?

कारण शेजारीण परकी नाही. रोपातल्या सगळ्या पेशी एकाच फलित पेशीपासून विभाजनानं झालेल्या असतात. मुळातल्या पेशीत जी जनुकं आहेत, किरकोळ फरक सोडला तर तीच लोंबीतल्या अंकुरातही आहेत. मुळातली पेशी मेली आणि त्यामुळे लोंबी भरली, तर त्या जनुकांचं काहीच हरवत नाही. त्यांची प्रत पुढच्या वर्षीच्या राबावर उगवणारच आहे. म्हणून अशी मांडणी टिकते.

पेशी एकाच वंशाच्या नसतील तर काय होतं, हेही निसर्गानं दाखवून ठेवलंय. ‘डिक्टिओस्टेलियम’ नावाचे अमिबा मातीत सुटे सुटे राहतात आणि जिवाणू खातात. खायला संपलं की हजारो अमिबा एकत्र येतात आणि टाचणीएवढं एक शरीर उभं करतात. त्यातले साधारण वीस टक्के मरून देठ बनतात. उरलेले देठाच्या टोकावर बीजाणू होऊन बसतात आणि कुणाच्या तरी पायाला चिकटून नव्या जागी जातात. सगळे अमिबा एकाच वंशाचे असतील तर हा कारभार सुरळीत चालतो. वेगवेगळ्या वंशांचे मिसळले तर फसवणूक दिसते. काही वंश देठात आपला वाटा कमी टाकतात आणि बीजाणूंत जास्त जागा बळकावतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या यांनी अनेक वर्षं या अमिबांवर काम केलं. मुदुमलाईच्या जंगलातले नमुने तपासून त्यांच्या गटानं दाखवलं की असे मिश्र गट खऱ्याखुऱ्या निसर्गातही असतात.

तात्पर्य, एकानं मरायचं आणि दुसऱ्यानं जगायचं ही व्यवस्था जिथे ‘एक’ आणि ‘दुसरा’ मुळात एकच असतात, तिथेच बिनबोभाट चालते.

१९२१, मुळशी पेटा

हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात राहून राहून दुसरंच काहीतरी येत होतं. समाजाला शरीराची उपमा द्यायची आपल्याला फार जुनी खोड आहे. जन्मावरून कुणाला डोकं ठरवायचं, कुणाला पाय. तिकडे जर्मनीत एकोणिसाव्या शतकात ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच होते’ हे सूत्र रूढ करणारा डॉक्टर रुडॉल्फ फिरखो शरीराला पेशींचं राज्य म्हणायचा, जिथे प्रत्येक पेशी नागरिक आहे. तो स्वतः बिस्मार्कच्या विरोधातला लोकशाहीवादी राजकारणी होता, त्यामुळे त्याला त्यात समान नागरिकांचा समाज दिसत होता. त्याच देशात पुढे नाझींनी उपमा उलटी फिरवली. राष्ट्र म्हणजे शरीर आणि नको असलेली माणसं म्हणजे त्यातला रोग. तिचा शेवट काय झाला, ते आपण इतिहासात वाचलंय.

आणि मुळशी? ज्या रस्त्यानं आपण ताम्हिणीला जातो, त्याच रस्त्यावर लागणारा जलाशय टाटांच्या वीज प्रकल्पाचा. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधायचं, पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तिथे होणारी वीज मुंबईला द्यायची, अशी ती योजना. त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी, त्यांची भातखाचरं, पाण्याखाली जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली त्या घेतल्या जात होत्या. त्या कायद्यातला परवलीचा शब्द होता ‘सार्वजनिक प्रयोजन’. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापती’ म्हणायला लागले ते याच लढ्यातून. विनायकराव भुस्कुटेही आघाडीवर होते. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झालंच. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांत मुळशीचं नाव घेतलं जातं.

अशा प्रत्येक वेळी एक वाक्य ऐकू येतं. सगळ्यांच्या भल्यासाठी थोड्यांना सोसावंच लागतं. तेव्हाही ऐकू येत होतं, आज रिंग रोड, धरण किंवा एखाद्या प्रकल्पाच्या बातमीखालच्या कमेंट्समध्येही दिसतं. कुणी जरा वाचलेलं असेल तर वर निसर्गाचा दाखला जोडतो. शरीरात नाही का पेशी मरत?

मरतात. पण भाताच्या मुळातल्या पेशीला अंकुरात आपली प्रत पुढे जाण्याची हमी असते. शेतकऱ्याची प्रत मुंबईच्या दिव्याखाली बसलेली नसते. पेशीला घर नसतं, आठवण नसते, पोराबाळांची शाळा नसते. पेशीला विचारायचा प्रश्नच येत नाही, कारण तिला नाही म्हणता येत नाही. माणसाला येतं. मुळशीत माणसांनी ते तीन वर्षं म्हणून दाखवलं. हेन्रिएटा लॅक्सच्या गोष्टीत खुपतं ते हेच. पेशी तिच्या होत्या, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांना कळायलाही वीसेक वर्षं लागली आणि त्या पेशींवर धंदा करणाऱ्या एका कंपनीबरोबर वारसांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये.

याचा अर्थ कुठलंच धरण बांधू नये, कुठलाच रस्ता करू नये, असा नाही. त्यावर वाद घालता येतो आणि घालावाच. कुणाला किती वीज मिळणार, कुणाचं काय जाणार, भरपाई काय, पुनर्वसन कुठे, संमती घेतली का? पण तो वाद माणसांच्या भाषेत व्हायला हवा. पेशींचा दाखला त्यात पुरावा म्हणून चालणार नाही. पेशी एकमेकींसाठी मरतात त्या एकाच वंशाच्या असतात म्हणून. माणसं एकमेकांसाठी काही सोडतात ती वेगळी असूनही, पटलं तर आणि विचारलं तर.

करून बघा

काय लागेल : भाताचं एक रोप, नवं ब्लेड, पाण्याचे थेंब आणि कॉलेजच्या लॅबमधला सूक्ष्मदर्शक. नसेल तर फोनला लावायची मॅक्रो लेन्सही थोडंफार दाखवते.

• रोप मुळांसकट हलक्या हातानं उपटा आणि मुळं पाण्यात धुऊन घ्या. एक जाड पांढरं मूळ निवडा.
• मुळाच्या टोकापासून अर्ध्या सेंटिमीटरवर एक आडवा काप घ्या आणि रोपाच्या बुंध्याजवळ दुसरा. जमतील तितके पातळ घ्या. पहिल्या चार-पाच प्रयत्नांत कुणालाच जमत नाहीत, गाजराच्या किंवा बटाट्याच्या तुकड्यात मूळ धरून कापलं तर सोपं जातं.
• दोन्ही काप काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून शेजारी शेजारी बघा. टोकाकडचा भरलेला दिसेल, बुंध्याकडचा आऱ्यांच्या चाकासारखा.
• मग गव्हाचं किंवा हरभऱ्याचं मूळ तसंच कापून बघा आणि फरक जर्नलमध्ये काढा.

आणि हो, खाचर कुणाचं तरी असतं. रोप उपटण्याआधी त्यांना विचारा.